व्हॉट्सअ‍ॅपवरून संदर्भसेवा : महाविद्यालयीन ग्रंथपालांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयाचं ग्रंथालय मी सांभाळते. आमची बरीचशी मुलं एसटीने येऊन-जाऊन करतात. पाचची गाडी चुकली की साडेसातपर्यंत स्टँडवर बसावं लागतं, म्हणून शेवटचा तास सुटला की ती धावतच सुटतात. ग्रंथालय उघडं असतं तेव्हा त्यांचे तास चालू असतात, आणि त्यांना सवड होते तेव्हा आमच्या दाराला कुलूप असतं. या अडचणीतून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न घ्यायला लागलो. आसपासच्या महाविद्यालयांतले ग्रंथपाल भेटले की याबद्दल विचारतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र मांडते आहे.

संदर्भसेवा म्हणजे नेमकं काय? ‘हे पुस्तक आहे का’ एवढं सांगितलं तरी पुरे ना?

ते सांगावंच लागतं, पण ती चौकशी झाली. संदर्भसेवा म्हणजे विद्यार्थ्याला जी माहिती हवी आहे तिच्यापर्यंत त्याला नेऊन सोडणं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी तिचे दोन भाग केले होते : उभ्याउभ्या देता येईल ती आणि शोधायला वेळ लागेल ती. चॅटवर दोन्ही येतात. ‘२०११च्या जनगणनेत आपल्या तालुक्याची लोकसंख्या किती?’ याला पाच मिनिटं लागतात. ‘आमच्या गावातल्या हातमागांचं काय झालं यावर प्रोजेक्ट करायचंय’ हा प्रश्न चार दिवस चालतो आणि मधे एकदा मुलीला प्रत्यक्ष बोलवावंही लागतं. दुसऱ्या प्रकाराची भीती बाळगू नका. चॅटवर त्याची फक्त सुरुवात झाली तरी काम मार्गी लागतं.

काउंटरवरच मुलं काही विचारत नाहीत, फोनवर कशाला विचारतील?

काउंटरवर विचारत नाहीत म्हणूनच फोनवर विचारतात. हे मला स्वतःला अनुभव येईपर्यंत पटलं नव्हतं. काउंटरपाशी मागे रांग असते, वर्गातली मुलं ऐकत असतात, विषयाचं इंग्रजी नाव नीट उच्चारता येईल की नाही याची धास्ती असते. दोन वर्षं न चुकता पुस्तकं बदलून नेणारी आणि ‘मॅडम, सही’ याच्यापलीकडे एक शब्द न बोललेली एक मुलगी होती. सेवा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तिने रात्री मेसेज केला : ‘मॅडम, ग्रंथसूची म्हणजे काय लिहायचं असतं? सर म्हणाले शेवटी जोडा.’ टी. वाय.ला असलेल्या मुलीला हे विचारायला तोपर्यंत जागाच मिळाली नव्हती.

प्रश्न आला की लगेच उत्तर देऊन मोकळं का होऊ नये?

कारण आलेला प्रश्न बहुतेक वेळा खरा प्रश्न नसतो. या साऱ्या पानावरची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये हे फार नेमकं मांडलं. माणसाला आधी नुसती एक चुटपुट असते, काहीतरी कळत नाहीये अशी. मग ती मनात अंधुक आकार घेते. मग तिचा धड प्रश्न होतो. आणि ग्रंथालयात येताना तो माणूस त्या प्रश्नालाही मुरड घालतो, म्हणजे यांच्याकडे काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून तेवढंच विचारतो. आपल्यापर्यंत पोचते ती ही चौथी पायरी. आपल्याला तिथून उलटं उतरत जायचं असतं.

आमच्याकडचा एक संवाद मुलाच्या परवानगीने देते.

– मॅडम शिवाजी महाराजांवर पुस्तक आहे का
– आहेत, दोन कपाटं भरून आहेत. कशासाठी हवंय?
– प्रोजेक्ट आहे
– कोणत्या विषयाचं? इतिहास?
– नाही, भूगोल. पर्यावरण
– अच्छा. प्रोजेक्टचं नाव काय दिलंय सरांनी?
– किल्ल्यावरचं पाण्याचं नियोजन
– कोणता किल्ला घेतलायस?
– अजून ठरवलं नाही. आमच्या गावाजवळ एक आहे, तिथं टाकी आहेत खडकात

पहिल्या ओळीवरच थांबले असते तर मी त्याला जाडजूड चरित्र काढून ठेवलं असतं. त्याने ते नेलं असतं आणि त्याच्या काही उपयोगी पडलं नसतं. प्रत्यक्षात त्याला तीन गोष्टी पाठवल्या : रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला दुर्गांबद्दलचा भाग, ज्यात आधी पाणी पाहावं आणि मगच किल्ला बांधावा असं सांगितलं आहे, जिल्हा गॅझेटियरमधली त्या किल्ल्याची नोंद, आणि शेवटी एक सूचना, की रविवारी गडावर जा, टाकी मोज आणि फोटो काढ. तिसरी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती आणि तीच त्याच्या प्रोजेक्टचा गाभा झाली.

माझी एक चूकही सांगते. विज्ञान शाखेच्या एका मुलाने ‘केमिस्ट्रीचं जर्नल पाहिजे’ असं लिहिलं. मी उत्साहाने त्याला एन-लिस्टवरून, म्हणजे महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिकं आणि पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेतून, नियतकालिकं कशी उघडायची ते सहा मेसेजमध्ये समजावलं. त्याने ‘थँक्यू मॅडम’ म्हटलं आणि विषय संपला. चार दिवसांनी लक्षात आलं की त्याला प्रॅक्टिकलची वही हवी होती, स्टोअरमध्ये मिळणारी. आपल्या मुलांच्या तोंडी ‘जर्नल’चा अर्थ तोच आहे. ‘रेफरन्स’ म्हणजे गाईड, ‘नोट्स’ म्हणजे कुणाच्या तरी वहीची झेरॉक्स, ‘पेपर’ म्हणजे मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका. मी एक प्रश्न जादा विचारला असता तर त्या मुलाचे चार दिवस वाचले असते. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे रंगनाथनांचं ग्रंथालयशास्त्राचं चौथं सूत्र १९३१ पासून आपण पाठ करत आलो आहोत. चॅटवर तो वेळ वाचतो नीट विचारल्याने, घाईघाईने उत्तर दिल्याने नव्हे.

काय विचारायचं? मुलाची उलटतपासणी होणार नाही ना?

एका वेळी एकच प्रश्न, आणि तोही लहान. ‘कशासाठी हवंय?’, ‘कधीपर्यंत द्यायचंय?’, ‘सरांनी दिलेल्या विषयाचा फोटो पाठवतोस का?’ एवढ्यात बहुतेक वेळा काम होतं. यातली फोटोची युक्ती सगळ्यांत उपयोगी. मुलाच्या सांगण्यात जे गळतं ते फळ्यावरच्या किंवा वहीतल्या ओळीत असतं. पाच प्रश्नांचा एक लांबलचक मेसेज टाकलात तर मुलगा तो वाचेल आणि गप्प बसेल.

माझा स्वतःचा नंबर द्यावा का?

देऊ नका. ग्रंथालयाच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्या, साधा फोन घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे. त्यात सेवेची वेळ संपल्यावर आपोआप जाणारा निरोप लावता येतो, ‘ग्रंथालयाची वेळ’, ‘एन-लिस्टचा पासवर्ड’ अशी नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, आणि ‘उत्तर बाकी’, ‘पुस्तक काढून ठेवलंय’ अशा खुणा चॅटला लावता येतात. तोच नंबर ग्रंथालयातल्या संगणकालाही जोडता येतो, म्हणजे लांब उत्तर कीबोर्डवर टंकता येतं. फोन रात्री ग्रंथालयाच्या कपाटात राहिला पाहिजे. आपण घरी नेला की महिनाभरात तो आपलाच होऊन बसतो.

सगळ्या वर्गांचा एक ग्रुप केला तर सोपं नाही का?

सूचना द्यायला सोपं, प्रश्न विचारायला अवघड. ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींचे नंबर असे दीडशे जणांच्या हाती देणं मला मान्य नाही, आणि एकदा त्यावरून एका मुलीला अनोळखी फोन येऊ लागले की तिचं शिक्षण धोक्यात येऊ शकतं. शिवाय काउंटरवरची लाज ग्रुपवर दुपटीने वाढते. प्रश्न नेहमी एकेकट्याने आणि खासगीत. नवीन पुस्तकांची यादी पाठवायची असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो, हे प्रवेशाच्या वेळीच मुलांना सांगून ठेवा.

उत्तर किती वेळात द्यायचं? रात्री अकराला मेसेज आला तर?

वेळ आधी जाहीर करा आणि ती पाळा. आमची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा, आणि परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस आठपर्यंत. त्याबाहेर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी अकराच्या आत उत्तर. शोधायला वेळ लागणार असेल तर तसं लगेच कळवा : ‘मिळाला मेसेज. उद्या दुपारपर्यंत बघून सांगते.’ मुलांना उशीर चालतो, पण मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसून पुढे काहीच न येणं त्यांना लागतं.

‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

प्रश्न बारीक वाटतो, पण आहे मोठा. समोर कोण आहे हे कळेपर्यंत ‘तुम्ही’. अनेक मुलींकडे स्वतःचा फोन नसतो. मेसेज वडिलांच्या, भावाच्या नाहीतर शेजारच्या काकूंच्या नंबरवरून येतो. एकदा सकाळी मी ‘तुझं पुस्तक आलंय, घेऊन जा’ असं लिहिलं आणि उत्तर आलं, ‘मी तिचा बाप बोलतो, शेतावर आहे, सांगतो संध्याकाळी.’ त्या दिवसापासून पहिली ओळ ठरून गेली : ‘नमस्कार, ग्रंथालयातून. आपलं नाव आणि वर्ग सांगाल का?’

फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरतो हे विषय नाजूक असेल तेव्हा फार जपावं लागतं. पाळीच्या तक्रारी, आंतरजातीय विवाहाचा कायदा, मानसिक आजार, घरातली मारहाण या विषयांवर मुली विचारतात, कधी अभ्यासासाठी, कधी स्वतःसाठी. कोणत्या कारणासाठी, ते मी विचारत नाही. एवढंच लिहिते : ‘यावर चांगलं साहित्य आहे. इथे पाठवू, की उद्या ग्रंथालयात येताय?’ ती काय ते ठरवते.

मुलं रोमन अक्षरांत मराठी लिहितात, व्हॉइस मेसेज टाकतात. ते चालवून घ्यावं का?

आनंदाने. मुलाने त्याला जमेल तसं विचारावं, आपण नीट समजून घ्यावं. रोमनमध्ये काळे, काले आणि कळे एकसारखेच दिसतात, म्हणून लेखकाचं नाव असेल तर देवनागरीत लिहून ‘हेच ना?’ असं विचारून घ्या. आपल्या पुस्तकांची सूची देवनागरीत असेल तर शोधही त्याच लिपीत घ्यावा लागतो, आणि हे मुलांना माहीत नसतं. व्हॉइस मेसेज तर मला आवडतात. लिहिताना जे तीन शब्दांत उरकलं जातं ते बोलताना मोकळेपणाने येतं, आणि आपापल्या बोलीत येतं. उत्तर मात्र लिहूनच द्या. महिन्याने ते मुलाला पुन्हा शोधता आलं पाहिजे.

चांगलं उत्तर कसं दिसतं?

त्यात तीन गोष्टी असतात : माहिती कुठे आहे, तिथवर कसं जायचं आणि ती तिथलीच आहे हे कसं लिहायचं. पुस्तकातलं पान फोटो काढून पाठवत असाल तर सोबत शीर्षकपानाचाही फोटो पाठवा, आणि पानाचा आकडा कापला जाऊ देऊ नका. नुसतं पान पाठवलं की मुलगा ते उतरवतो आणि ग्रंथसूचीत ‘व्हॉट्सअ‍ॅप’ असं लिहितो. असं खरंच घडलं आहे, आणि तो दोष माझा होता.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी आमचा पहिला थांबा मराठी विश्वकोश, कारण वाईहून निघालेले ते खंड आता संकेतस्थळावर मोबाइलवर वाचता येतात. शब्दाच्या अर्थासाठी मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. जुना शब्द, जुनी म्हण, शेतीतली संज्ञा असेल तर तो अजूनही कामाला येतो. पदव्युत्तर मुलांना शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, पाठवतो. तिथे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फाइलींत असतो हे आधीच सांगावं, नाहीतर मुलं पहिली फाइल उघडतात, त्यात फक्त मुखपृष्ठ दिसतं आणि ‘मॅडम, रिकामं आहे’ असा मेसेज येतो. मी त्यांना सगळ्यांत आधी संदर्भसूचीची फाइल उघडायला सांगते. आपल्या विषयावर कुणी काय काय वाचलंय याची ती तयार यादी असते.

‘मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना’ असं म्हटलं तर?

नाही म्हणायचं, पण तिथेच थांबायचं नाही. ‘लिहायचं तू. सुरुवात कुठे अडते ते सांग.’ बहुतेकांचं अडलेलं असतं ते पहिल्या परिच्छेदापाशी. तिथे एक जुना चांगला प्रकल्प दाखवला, कच्चा आराखडा कसा करतात ते सांगितलं की गाडी पुढे सरकते. सकाळी जमा करायचं आणि रात्री विचारलं, असंही होतं. त्या वेळी रागावण्यात अर्थ नाही. आहे त्या वेळात काय होईल ते सांगा.

पुस्तकाची पीडीएफ मागितली तर?

सर्वांत जास्त मागणी हीच, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच. प्रताधिकार कायदा १९५७चा आहे. त्याच्या ५२व्या कलमात खासगी अभ्यास-संशोधनासाठी योग्य वापराची मुभा आहे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स करण्याबाबत विद्यार्थ्यांना दिलासा देणारा निकालही दिला. पण त्याचा अर्थ चालू बाजारातलं अख्खं पाठ्यपुस्तक स्कॅन करून शंभर जणांना पाठवावं असा होत नाही. मी लागणारी मोजकी पानं पाठवते, पुस्तक त्या मुलाच्या नावाने दोन दिवस काढून ठेवते, आणि मागणी जास्त असेल तर प्राचार्यांकडे आणखी प्रतींचा अर्ज टाकते.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की मात्र ग्रंथ मोकळा होतो. १९३७ मध्ये वारलेल्या केतकरांच्या ज्ञानकोशासारखं साहित्य बिनधास्त पाठवता येतं. तरीही पाठवताना फाइल किती मोठी आहे ते बघा. रोजच्या मोजक्या डेटातला अर्धा डेटा आपल्या एका फाइलने खाल्ला तर मुलगा संध्याकाळी लेक्चरचा व्हिडिओ बघू शकत नाही.

मुलं हल्ली एआयला विचारतात. मग आपलं काय काम?

वाढलं आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी असा मेसेज येतो : ‘मॅडम, हा लेख कुठे मिळेल?’ लेखकाचं नाव असतं, नियतकालिक असतं, वर्ष, खंड, पृष्ठं, सगळं व्यवस्थित. आणि असा लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. ते यंत्र खऱ्यासारखा दिसणारा संदर्भ स्वतः जुळवून देतं. मुलाला खजील करू नका. ‘मी असं शोधलं’ म्हणून पायऱ्या दाखवा : आधी नियतकालिक खरंच निघतं का, मग त्या वर्षीचा तो अंक, मग त्या अंकाची अनुक्रमणिका, मग ती पृष्ठं. जिथे धागा तुटतो त्या जागेचा स्क्रीनशॉट पाठवा. एकदा हे पाहिलेला मुलगा पुढच्या वेळी स्वतः तपासून बघतो.

नोंद ठेवावी का? महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवता येईल का?

ठेवा, आणि दाखवाही. पण वहीत नाव किंवा नंबर नको. तारीख, शाखा, प्रश्न, कुठून उत्तर मिळालं, किती वेळ लागला, एवढं पुरे. चॅटचे स्क्रीनशॉट अहवालाला जोडायची सूचना मलाही झाली होती, मी ती मानली नाही. मुलाने आपल्यावर भरवसा ठेवून काय विचारलं ते समितीच्या टेबलावर जाता कामा नये. सत्र संपलं की जुने चॅट पुसून टाका.

वहीचा खरा उपयोग खरेदीच्या वेळी होतो. आमच्या वहीत एका वर्षी ड्रॅगन फ्रूटच्या लागवडीबद्दल अकरा प्रश्न निघाले, आणि त्यावर आमच्याकडे एकही पुस्तक नव्हतं. पुढच्या यादीत त्यावरची तीन पुस्तकं होती.

एखादं दिवस हे अ‍ॅपच बंद पडलं तर?

पडेल कधीतरी. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी पंचवीस वर्षांत हे अनेकदा पाहिलं. १९९७ मध्ये निघालेल्या एओएलच्या मेसेंजरवर त्यांनी प्रश्न घेतले, तो २०१७ मध्ये बंद झाला. याहू मेसेंजर २०१८ मध्ये गेला. संकेतस्थळावर चॅटची चौकट बसवून देणारं मीबो अनेक ग्रंथालयांचं लाडकं होतं, ते २०१२ मध्ये गुगलने विकत घेतलं आणि ती सोय गेली. ग्रंथालयांनी अ‍ॅप बदललं आणि काम चालू ठेवलं. म्हणून नेहमीची उत्तरं फोनमध्येच न ठेवता एका वहीत किंवा संगणकावरच्या फाइलमध्येही उतरवून ठेवा.

मी एकटीच आहे. सोबत एक परिचर, बस. जमेल का?

जमेल. मीही अशीच सुरुवात केली, फक्त तृतीय वर्षाच्या मुलांपासून. आमचे परिचर दादा आता पुस्तक रॅकवर आहे की नाही याची सगळी उत्तरं स्वतः देतात, रॅकचा फोटो काढून. त्यांना सूचीपेक्षा रॅक जास्त पाठ आहेत. सगळे वर्ग एकदम घेऊ नका.

शिकून गेलेल्या मुलांनी विचारलं तर?

नियमाप्रमाणे सेवा चालू विद्यार्थ्यांसाठी आहे. मी तरी उत्तर देते. तलाठी भरतीची तयारी करणारा, पोलीस भरतीला उभी राहणारी, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली आणि बहिःस्थ एम. ए. करणारी, यांना आता कुठलंच ग्रंथालय आपलं म्हणत नसतं. पुस्तक देता येत नाही, पण त्यांच्या गावाजवळ अ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय कोणतं, ते मी शोधून देते. किल्ल्यावरच्या पाण्याचा तो मुलगाही गेल्या महिन्यात आला होता, मेसेजमधून. या वेळी पहिल्याच ओळीत विषय होता, तारीख होती आणि सोबत सरांच्या फळ्याचा फोटो.